गाडी खरंच किती देते?

प्रश्न : माझ्याकडे २००२ सालची फियाट पालिओ १.६ आहे. तीन वर्षांपूर्वी नाशिकहून सेकंडहँड घेतली. गाडी पळायला जबरदस्त आहे, पण ॲव्हरेजचा पत्ता लागत नाही. ज्यांच्याकडून घेतली ते चौदा देते म्हणाले होते. मेकॅनिक म्हणतो दहा समजा. मी दर वेळी पाचशेचं पेट्रोल टाकतो आणि काट्यावरून हिशेब करतो, तर एकदा ९ येतो आणि पुढच्याच वेळी १४. आधीच्या मालकाने टायरही जरा मोठे बसवलेत. फिरणं म्हणाल तर बहुतेक शहादा, अधूनमधून नंदुरबार, वर्षातून दोनतीनदा पाहुण्यांना घेऊन तोरणमाळ. खरा आकडा घरच्या घरी काढता येईल का? आणि हल्लीच्या पेट्रोलमुळे तो कमी झाला असेल का?
— एक वाचक, कळसाडी (जि. नंदुरबार)

उत्तर : तुमचा ९ आणि तुमचा १४, दोन्ही एकाच गाडीचे आहेत आणि त्या दोन फेऱ्यांत गाडीत काहीही बदललेलं नसणार. पाचशे रुपयांत आज पाच लिटरही पेट्रोल येत नाही. ४.७ लिटर धरा. गाडी खरोखर ११ देत असेल, तर त्यात ती ५२ किलोमीटर जाईल. आता काटा पाहा. टाकीतला तरंगता गोळा वरखाली होतो, त्यावर काटा हलतो. टाकीचा आकार सरळ डब्यासारखा नसतो, गाडी उतारावर उभी असेल तर पेट्रोल एका बाजूला सरकतं, आणि काट्याची स्वतःची जाडीच लिटरभर पेट्रोल झाकते. तुमचा अंदाज एका लिटरने चुकला तर ५२ भागिले ३.७ म्हणजे १४. तोच दुसऱ्या बाजूला चुकला तर ५२ भागिले ५.७ म्हणजे ९. तुमच्या पत्रातले नेमके हेच दोन आकडे आहेत. तेव्हा गाडीवरचा संशय आधी काढून टाका.

जुन्या आरएक्स हंड्रेड मोटरसायकलवाल्यांची रीत यापेक्षा बरी होती. कॉक रिझर्व्हवर आला की किलोमीटर टिपायचे, मोजून पेट्रोल टाकायचं आणि पुन्हा रिझर्व्ह लागेपर्यंत चालवायची. कॉकची नळी टाकीत कायम एकाच उंचीवर असते, त्यामुळे सुरुवात आणि शेवट एकाच पातळीवर यायचे. कारला तसा कॉक नाही. तिच्यात कायम सापडणारी एकच पातळी आहे, ती म्हणजे भरलेली टाकी.

म्हणून टाकी फुल ते टाकी फुल. पंपावरच्या नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल वाहत असताना त्यातून हवा ओढली जाते. टाकीतलं पेट्रोल वर येऊन ते छिद्र बुडलं की हवा बंद होते, आतला पडदा ओढला जातो आणि खटका पडतो. त्या पहिल्या खटक्याला थांबायचं. ‘अजून पन्नासचं बसेल’ असं पंपावरचा मुलगा म्हणाला तरी नको म्हणा. गळ्यापर्यंत भरलेलं पेट्रोल आपल्याकडच्या उन्हात फुगतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की आकारमान जवळपास एक टक्क्याने वाढतं. शिवाय खटक्यानंतर थेंब थेंब किती गेलं हे दर वेळी वेगळं असतं, आणि आपल्याला तर तीच पातळी परत हवी आहे. शक्यतो पंप तोच, मशीन तेच आणि गाडी उभी करायची जागाही तीच. पहाटेची वेळ सर्वांत चांगली.

पहिल्या दिवशी टाकी फुल करून फक्त मीटरवरचे किलोमीटर लिहा. त्या दिवशीचे लिटर हिशेबात धरायचे नाहीत, ते आधीच्या फिरण्याचे आहेत. नंतर दर वेळी टाकी फुलच करायची आणि तारीख, किलोमीटर व लिटर वहीत लिहायचे. रुपये नव्हे, लिटर. पावतीवर ते दोन दशांशांपर्यंत छापून येतात.

समजा पहिल्या फुल टाकीला मीटरवर ८६,२४० होते. पुढच्या पाच भरण्या अशा झाल्या: ३१८ किलोमीटरला २९.४ लिटर, मग २९१ ला २३.९, ३४४ ला ३१.६, २७६ ला २४.३ आणि ३३१ ला २८.८. पहिल्या भरणीचा ॲव्हरेज येतो १०.८, दुसरीचा १२.२. बरेच जण इथे खूश होतात आणि म्हणतात, एअर फिल्टर साफ केला त्याचा गुण आला. प्रत्यक्षात पहिल्या वेळी खटका उशिरा पडून लिटरभर पेट्रोल जास्त गेलं असेल, तर दुसऱ्या वेळी तेवढीच जागा कमी रिकामी असते आणि लिटरभर कमी जातं. एका ओळीतली चूक पुढच्या ओळीत आपोआप परत येते. म्हणून एकेका ओळीचा ॲव्हरेज पाहून काही ठरवू नका. पाचही ओळींची बेरीज घ्या: १,५६० किलोमीटर, १३८ लिटर. उत्तर ११.३.

या बेरजेत मधल्या चारही खटक्यांच्या चुका एकमेकींत जिरून जातात. उरतात फक्त पहिली पातळी आणि शेवटची पातळी. शेवटच्या भरणीत पूर्ण एक लिटर इकडेतिकडे झालं असं धरलं तरी उत्तर ११.२ ते ११.४ यांच्याच दरम्यान राहतं. एकाच टाकीवर तीच चूक झाली असती तर साडेदहा ते सव्वाअकरा एवढा फरक पडला असता. पाच टाक्या, म्हणजे दीडेक हजार किलोमीटर, एवढा धीर धरा. त्याहून कमी फिरण्यावर काढलेला आकडा मी स्वतः कोणाला सांगत नाही.

इथे आणखी एक चूक फार होते. पाच वेळचे ॲव्हरेज मिळवून त्यांना पाचाने भागतात. ३०० किलोमीटर १५ च्या ॲव्हरेजने गेलात, तर २० लिटर लागले. दुसरे ३०० किलोमीटर १० ने गेलात, तर ३० लिटर. एकूण ६०० किलोमीटरला ५० लिटर, म्हणजे १२. पंधरा आणि दहाची सरासरी मात्र साडेबारा येते. बेरजेला बेरजेनेच भागायचं.

लिटर खरे आहेत का, ही शंका तुम्ही लिहिली नाहीत, पण ती मनात असतेच. वैधमापन खात्याच्या नियमाप्रमाणे पाच लिटरमागे २५ मिलीलिटरपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे अर्धा टक्का. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. एकदा मागून पाहा. त्यात भांडण नाही, तो हक्क आहे.

आता किलोमीटर. तुमच्या बाबतीत हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण टायर बदललेले आहेत. मीटर रस्ता मोजत नाही, तो चाकाचे फेरे मोजतो. उदाहरणार्थ, १७५/६५ आर १४ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ५८३ मिलीमीटर असतो. त्याजागी १८५/६५ आर १४ बसवला तर तो ५९६ होतो, म्हणजे सव्वादोन टक्के जास्त. चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं आणि मीटरला ते कळत नाही. वरच्या हिशेबातले १,५६० किलोमीटर मग खरे १,५९५ असतात, आणि ११.३ चा ॲव्हरेज साडेअकरा होतो. म्हणजे मोठे टायर बसवल्यावर ॲव्हरेज पडला असं वाटतं, त्यातला काही भाग नुसता मोजण्यातला असतो. टायरच्या बाजूवर कोरलेलं माप पाहा आणि दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या मापाशी ताडून पाहा.

मीटर प्रत्यक्ष तपासायचं असेल तर शहादा–प्रकाशा–तळोदा रस्ता किंवा दोंडाईचाकडचा रस्ता धरा. किलोमीटरचे दगड बघत २५ किलोमीटर जा आणि मीटरवर किती पडले ते पाहा. दगड कुठे कुठे हललेले असतात, म्हणून फोनमधल्या नकाशावरही अंतर टिपा. हे काम शेजारी बसलेल्याने करावं, चालवणाऱ्याने नव्हे. आणि स्पीडोमीटरचा काटा वेग थोडा वाढवून दाखवतो म्हणून किलोमीटरही वाढवून पडत असतील, असं समजू नका. काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही असा नियम असल्यामुळे कंपन्या तो थोडा पुढे ठेवतात. किलोमीटरच्या मोजणीला तो नियम नाही.

कंपनीच्या आकड्याबद्दल. आज नव्या गाडीचा जो ॲव्हरेज जाहीर होतो, तो पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत मोजलेला असतो. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या प्रयोगशाळेत गाडीची चाकं रोलरवर फिरतात, गाडी जागची हलत नाही. ठरलेला क्रम ११८० सेकंदांचा, अंतर साडेदहा किलोमीटरच्या आसपास, सर्वाधिक वेग ९० आणि सरासरी ३२ च्या जवळ. एसी बंद. टाकीतलं पेट्रोल मोजण्याऐवजी सायलेन्सरमधून बाहेर पडणारे वायू गोळा करतात आणि त्यातला कार्बन मोजून किती पेट्रोल जळलं ते काढतात, कारण पेट्रोलमधून आत गेलेला कार्बन बाहेर यायलाच हवा. मोजणी अत्यंत काटेकोर आहे. पण त्या खोलीत समोरून वारा नाही, स्पीडब्रेकर नाही, उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर नाही आणि सारंगखेड्याच्या यात्रेतली गर्दीही नाही. हा आकडा एका गाडीची दुसरीशी तुलना करायला आहे. तो तुमच्या रस्त्यावर मिळायला हवा, ही अपेक्षा मुळातच चुकीची.

तुमच्या गाडीबद्दल थोडं बोलायला हवं, कारण ती साधी गाडी नाही. पालिओ २००१ मध्ये आपल्याकडे आली आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरची पद्मिनी, म्हणजे आपली काळी-पिवळी, ज्या कारखान्यातून निघाली, तोच हा कारखाना. सचिन तेंडुलकरच्या नावाची एस१० आवृत्तीही याच पालिओची. तुमचं १,५९६ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं, शंभरेक अश्वशक्तीचं इंजिन त्या काळात एवढ्या छोट्या गाडीत दुसऱ्या कोणी देत नव्हतं. दोन सीटची स्पोर्ट्स कार आपल्या खेड्यापाड्यांत कोणाच्या दारात दिसणार? मराठी मध्यमवर्गाच्या हाती आलेली खरी स्पोर्टी गाडी हीच, आणि ती सांभाळून ठेवल्याबद्दल तुमचं मनापासून कौतुक वाटतं. पण ती वजनाला भारी आहे आणि ॲव्हरेजसाठी बनवलेली नाही. चौदाचा आकडा विकणाऱ्याने कुठल्या तरी मोकळ्या हायवेवरच्या एका फेरीवरून सांगितला असेल.

तोरणमाळची फेरी वहीत वेगळी टिपा. शहाद्याच्या सपाटीवरून वर जाताना गाडी सुमारे हजार मीटर चढते. माणसांसकट तेराशे किलो वजन एवढं उंच उचलायला लागणारी ऊर्जा सव्वा कोटी ज्यूलच्या वर जाते. एका लिटर पेट्रोलमध्ये सव्वातीन कोटी ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, पण इंजिन त्यातला पाव हिस्साच चाकांपर्यंत पोचवतं. म्हणजे रस्ता कापायला लागणारं पेट्रोल वेगळं, नुसती उंची गाठायला दीड ते पावणेदोन लिटर. उतरताना त्यातलं थोडं परत मिळतं. तुमच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पेट्रोल जवळजवळ बंद होतं. न्यूट्रल केली तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतंच, आणि सातपायरी घाटात सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणून उतारावर न्यूट्रल अजिबात नको. पेट्रोल वाचत नाही आणि जीव धोक्यात येतो.

हल्लीच्या पेट्रोलबद्दलची तुमची शंका बरोबर आहे. तुम्ही उसाच्या पट्ट्यात राहता, पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्या रोज पाहता, त्यामुळे मळी आणि इथेनॉल हे शब्द तुम्हाला समजावून सांगायला नकोत. २०२२ मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉल १० टक्क्यांवर गेलं, फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्क्यांचं मिश्रण पंपांवर यायला लागलं आणि आता सगळीकडे तेच मिळतं. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच ऊर्जा असते. २० टक्के मिसळलं की लिटरमागची ऊर्जा सात टक्क्यांच्या आसपास कमी होते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचा ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असंच म्हटलं होतं. आज साडेअकरा देणारी तुमची गाडी जुन्या पेट्रोलवर सव्वाबारा देत असणार. हा फरक कितीही सर्व्हिसिंग केली तरी भरून येणार नाही. त्यापेक्षा पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील यांच्याकडे लक्ष द्या. २००२ सालचं रबर या मिश्रणासाठी बनवलेलं नव्हतं. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला, पाइप चिकट किंवा चिरलेला दिसला तर त्याच दिवशी बदला.

वहीचा खरा उपयोग इथून पुढे आहे. एकदा तुमचा पाच टाक्यांचा आकडा हाती आला, की पुढच्या टाक्या त्याच्याशी ताडून पाहायच्या. एखादी टाकी कमी आली तर सोडून द्या. ओळीने तीन टाक्या दहा टक्क्यांनी कमी आल्या तर गाडी काहीतरी सांगते आहे. माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीचा ॲव्हरेज एका हिवाळ्यात साडेतेरावरून बारावर आला. प्लग बदलले, फिल्टर बदलला, गॅरेजमध्ये दोनदा पैसे दिले, काही फरक नाही. शेवटी एका सकाळी मोकळ्या रस्त्यावर ब्रेक फारसा न लावता पंधरा किलोमीटर चालवून थांबलो आणि चारही चाकांच्या रिमजवळ हाताची मागची बाजू नेली. तीन चाकं कोमट, पुढचं डावं चाक हात जवळ नेववत नाही इतकं तापलेलं. कॅलिपरची पिन गंजून अडकली होती आणि ब्रेक पॅड डिस्कला कायम घासत होतं. पिन साफ करून ग्रीस लावलं, आकडा परत वर गेला. पेट्रोलचं नुकसान सोडा, पावसात जोरात ब्रेक लावला असता तर गाडी फिरलीच असती. वही नसती तर तो ब्रेक मला कळला नसता.

एवढ्या वयाच्या गाडीत दुसरा नेहमीचा चोर म्हणजे थर्मोस्टॅट. तो उघडाच अडकला की इंजिन नीट तापत नाही. इंजिन गारच आहे असं समजून गाडीचा कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो. हिवाळ्यात हायवेवर अर्धा तास चालवूनही तापमानाचा काटा मध्यापर्यंत येत नसेल तर तो बदला, फार खर्चाचं काम नाही. बराच वापर झालेला ऑक्सिजन सेन्सर हाही असाच मुकाट्याने पेट्रोल खातो. टायरमधली हवा तर महिन्यातून दोनदा, टायर गार असताना तपासायची, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

वेगाचंही एका वाक्यात सांगतो: हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो. तुमची गाडी शंभराला मागेपुढे पाहत नाही हे खरं, पण ॲव्हरेजची वही भरताना नेहमीचाच वेग ठेवा. मुद्दाम हळू चालवून काढलेला आकडा तुमचा नव्हे.

खरा आकडा हाती असला की आणखी एक हिशेब सुटतो. पेट्रोल स्वस्त म्हणून आपल्या भागातले पुष्कळ जण गुजरातच्या हद्दीत, निझरकडे टाकी भरायला जातात. लिटरमागे दहा रुपये वाचतात असं धरा. ३० लिटरला तीनशे वाचले. त्यासाठी जाऊन-येऊन ४० किलोमीटर जास्त पडले, तर साडेअकराच्या ॲव्हरेजने साडेतीन लिटर, म्हणजे साडेतीनशेहून अधिक रुपये गेले. त्या बाजूला काही कामाने गेलाच असाल तर जरूर भरा. फक्त पेट्रोलसाठी जाऊ नका, आणि वहीतल्या पाच टाक्या चालू असतील तर मध्येच पंप बदलू नका.

माझा अंदाज विचाराल तर तुमच्या रस्त्यांवर, तुमच्या वापराला, निरोगी पालिओ १.६ ने साडेदहा ते बारा द्यायला हवा. नऊच्या खाली राहिली तर सगळ्यात आधी चाकं तपासा. उद्या पहाटे टाकी फुल करून पहिली ओळ लिहा. पाच टाक्या झाल्या की एकूण किलोमीटर, एकूण लिटर आणि टायरवरचं माप आम्हाला कळवा. मिळून ताडून पाहू.